कोस्टा रिका, भाड्याची गाडी, दहा रात्री, आठ मुक्काम: जमेल का?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

डिसेंबरात आम्ही पाच जण कोस्टा रिकाला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेले माझे आईबाबा. बाबा एकाहत्तरचे. उत्साह पंचविशीचा, गुडघे नव्वदीचे. त्यांना ज्वालामुखी बघायचाय, आईला समुद्र हवाय, लेकीला स्लॉथ (तो झाडाला लटकणारा संथ प्राणी). नवऱ्याला फक्त गाडी चालवायची आहे.

मुक्काम असे ठरवलेत: अलाहुएला (पोआस ज्वालामुखीसाठी), तोर्तुगेरो, ला फोर्तुना (आरेनाल), मॉन्तेव्हेर्दे, तामारिंदो, मान्युएल आन्तोनिओ, कोर्कोवादो, शेवटी सान होसे. दहा रात्रींत आठ ठिकाणं. सगळं मिळून हजार-बाराशे किलोमीटर भरतंय. एवढं अंतर आम्ही इकडे जोडून सुट्टी आली की सहज कापतो, म्हणून मला तरी अवघड वाटत नाहीये. पण नवरा म्हणाला, एकदा विचार.

प्रश्न: फोर बाय फोर लागेलच का? आईबाबांना वेगळा व्हिसा? आरेनालचा लाव्हा कुठून चांगला दिसतो? आई पूर्ण शाकाहारी आहे, काय मिळेल?

घाटवळण

ताई, नवऱ्याचं ऐका.

मी कामानिमित्त तीन वर्षं सान होसेजवळ काढली आहेत. देश महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा, ५१,००० चौरस किलोमीटर. नकाशा बघितला की सगळं हाताशी वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. देशाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे. ज्वालामुखी त्याच कण्यावर, समुद्र दोन्ही अंगांना. म्हणजे समुद्राकडून डोंगराकडे किंवा डोंगराकडून समुद्राकडे जायचं तर दरवेळी घाट.

एकच उदाहरण देतो. ला फोर्तुना ते मॉन्तेव्हेर्दे सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर असेल. गाडीने सव्वातीन ते चार तास लागतात, कारण मध्ये आरेनालचा तलाव आहे आणि त्याला पूर्ण वळसा घालून पलीकडून चढावं लागतं. (ज्यांच्याकडे गाडी नसते ते टॅक्सी-होडी-टॅक्सी असा शॉर्टकट मारतात. भाड्याची गाडी होडीत घालता येत नाही.)

आता तुमची यादी. तोर्तुगेरोला रस्ताच नाही. ला पाव्होनाला गाडी ठेवायची, पुढे होडी. कोर्कोवादोच्या राष्ट्रीय उद्यानात गाईडशिवाय प्रवेश नाही, आणि आतल्या सिरेना ठाण्यापर्यंत जायचं तर बहुतेक जण ड्रेक बेहून लाटांतून उघड्या बोटीने जातात. गुडघ्यांचं काय करणार? तामारिंदो एका टोकाला, कोर्कोवादो दुसऱ्या.

शिवाय अंधार. विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराही महिने साडेपाच-सहाला दिवस संपतो. रात्री घाटात दिवे नाहीत, कडेला पट्टा नाही, धुकं उतरतं, आणि त्याच रस्त्यावरून माणसं चालत असतात. माझा स्वतःचा नियम असा होता: दिवसाला एकच प्रवास, तो चार तासांच्या आतला, आणि साडेचारला गाडी बंद.

आठाचे चार करा. बाकीचं पुढच्या वेळी.

रात्रपाळी

आरेनालसमोरच्या हॉटेलात बाल्कनीवाली खोली घ्या. रात्री लाल रेघा खाली ओघळताना दिसतात, दगड आपटल्याचा आवाज येतो. अंगावर काटा येतो हो. आम्ही रात्रभर जागलो होतो.

भूस्तर

रात्रपाळी, तुम्ही कोणत्या साली गेला होतात?

रात्रपाळी

२००७.

भूस्तर

तेच म्हटलं. २०१० पासून आरेनाल झोपलाय. वाफेचा एखादा धूसर पदर दिसला तर दिसला. हॉटेलांच्या पाट्यांवर मात्र अजून लाव्हा उसळतोय. तेव्हा मुक्कामपोस्ट, बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाल्कनीत खुर्ची टाकून बसतील.

मात्र झोपलेला असला तरी त्याची गोष्ट माहीत असू द्या, म्हणजे डोंगर वेगळा दिसतो. १९६८ पर्यंत तिथल्या लोकांच्या लेखी तो एक हिरवागार डोंगर होता, वर झाडी, खाली गुरं. शेकडो वर्षं काही झालं नव्हतं. २९ जुलै १९६८ ला सकाळी त्याची एक बाजू फुटली. पुएब्लो न्युएव्हो आणि ताबाकोन ही गावं गेली, ८७ माणसं मेली. पुढे बेचाळीस वर्षं तो थोडाथोडा धुमसत राहिला, आणि त्या धुमसण्यावरच ला फोर्तुनाचं पर्यटन उभं राहिलं. आज ज्या गरम झऱ्यांत लोक पाय सोडून बसतात, त्यातले काही त्या ताबाकोनच्याच जागी आहेत.

हे सगळं का होतं, ते थोडक्यात. पॅसिफिकच्या तळाची कोकोस भूपट्टी वर्षाला साधारण आठ-नऊ सेंटीमीटर वेगाने कॅरिबियन भूपट्टीखाली सरकते. जाताना पाणी मुरलेले खडक सोबत नेते. खोल गेल्यावर ते पाणी सुटून वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या थरात) शिरतं, त्याने खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. आपला सह्याद्रीचा कातळ भेगांतून पातळ लाव्हा पसरून थरांवर थर बसलेला. इथला मॅग्मा चिकट, वायू कोंडून धरणारा. म्हणून आपल्याकडे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर आणि तिथे टोकदार शंकू.

पोआसबद्दल: एप्रिल २०१७ च्या उद्रेकानंतर ते उद्यान वर्षाहून जास्त काळ बंद होतं. उघडलं ते हेल्मेट, आगाऊ नोंदणी आणि कड्यावर वीसच मिनिटं, अशा अटींवर. मार्च २०२५ मध्ये पुन्हा उसळला, पुन्हा बंद झाला. त्याच्या भरवशावर पहिला मुक्काम आखू नका. बाबांसाठी मी इरासू सुचवेन. ३,४३२ मीटर उंच, आणि गाडी जवळजवळ विवराच्या काठापर्यंत जाते.

एकोणिसावा मैल

गाडीबद्दल माझा एक दुखरा अनुभव. कंपनीचं नाव घेत नाही. नेटवर दिवसाला चौदा डॉलर बघून खूश होऊन गाडी घेतली. काउंटरवर पोचलो तर आकडा तिपटीच्या वर. पोराटोरांसह रात्री अकराला विमानतळावर उभं राहून भांडायची ताकद नव्हती, दिले.

झालं असं की, तिकडे तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि तो नेटवरच्या किमतीत बऱ्याचदा धरलेलाच नसतो. आपलं क्रेडिट कार्ड भाड्याच्या गाडीला संरक्षण देतं ते गाडीच्या नुकसानीचं. तिसऱ्या पक्षाचं त्यात येत नाही. म्हणजे कार्ड कितीही भारी असलं तरी हा विमा चुकत नाही. तेव्हा आधी मेल करून सगळं धरून अंतिम रक्कम लेखी मागवा. शिवाय कार्डावर अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात, मर्यादा मोकळी ठेवा. टायर आणि काचा विम्यात आहेत का, हा वेगळा प्रश्न म्हणून विचारा.

आणि गाडी ताब्यात घेताना खालून-वरून व्हिडिओ काढा. मी छताचाही काढतो. घरचे हसतात, हसू देत.

चिखल्या

फोर बाय फोर घ्याच. कोस्टा रिकात दुसरा विचारच करू नका.

घाटवळण

चिखल्या, सरसकट नको रे. ओसा द्वीपकल्प किंवा निकोयाच्या दक्षिणेचे कच्चे रस्ते असतील, नदी ओलांडायची असेल, तर हवीच. (नदीत गाडी घातली की विमा संपला, हेही लिहून ठेवा.) ताईंच्या थोडक्या वाटेवर जवळपास सगळं डांबरी आहे. मॉन्तेव्हेर्देला चढणारा ६०६ क्रमांकाचा रस्ता पूर्वी हाडं खिळखिळी करायचा, आता तोही डांबरी झालाय. पाच माणसं आणि पाच बॅगा आहेत, तर जमिनीपासून उंच असलेली मोठी गाडी घ्या. फोर बाय फोर मिळाली तर बरं, नाही मिळाली तर अडणार नाही.

चिखल्या

२०१४ साली त्याच रस्त्यावर माझ्या गाडीचा सायलेन्सर हातात आला होता. मन मानत नाही.

घाटवळण

:) तो रस्ता मीही पाहिलाय.

पानात काय

आईंच्या जेवणाची काळजी सोडा. रस्त्याकडेला 'सोडा' अशी पाटी दिसली की ती साधी घरगुती खानावळ. तिथे 'कासादो' मागवायचा: भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं. मांसाऐवजी चीज किंवा अंडं मागता येतं. नुसतं शाकाहारी म्हटलं तर कधीकधी कोंबडी चालेल असं धरतात, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोय्यो, सिन पेस्कादो' (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) एवढं पाठ करून घ्या. उसळीत चरबी घातली आहे का, तेही विचारा. नाश्त्याला गाय्यो पिंतो, म्हणजे काल उरलेला भात आणि उसळ एकत्र परतलेली. आपल्या फोडणीच्या भाताची चुलत बहीण. त्यावर लिसानो नावाचा तपकिरी सॉस घालतात, तो आईंना आवडेल. येताना बाटली घेऊन याल बघा.

पैसे कोलोनमध्ये दिले तर बरं पडतं, डॉलर बहुतेक ठिकाणी चालतो पण दर त्यांच्या मर्जीचा. डॉलरला पाचशेच्या आसपास कोलोन धरा. आणि नोटा लेकीला दाखवा. पाच हजाराच्या नोटेवर माकड, दहा हजारावर स्लॉथ, वीस हजारावर हमिंगबर्ड.

शिक्कामोर्तब

व्हिसा: भारतीय पासपोर्टला एरवी व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू मुदतीचा बहुप्रवेश व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट जवळ असू द्या. नियम बदलतात, निघायच्या आधी त्यांच्या वकिलातीचं पान स्वतः वाचा, धाग्यावर विसंबू नका. बस एवढंच.

कासवकाका

मी प्राण्यांबद्दल बोलतो, बाकी ठिकाणी मला काही कळत नाही.

तोर्तुगेरो सोडताना जीव तुटत असेल तर सोडून द्या बिनधास्त. हिरवी कासवं तिथे अंडी घालायला जुलै ते ऑक्टोबर येतात. डिसेंबरात किनारा रिकामा असतो. कालव्यातली होडी-फेरी छान असते, पण कासवांसाठी जाणार असाल तर महिना चुकला.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओस्तिओनालला येणारी कासवं मात्र आपल्या वेळासला येतात तीच, ऑलिव्ह रिडले. आपल्याकडे एकेकटी येतात, तिथे कधीकधी हजारोंच्या लाटेने एकदम.

स्लॉथ: 'ग्वारुमो' नावाचं झाड ओळखायला शिका. मोठ्या छत्रीसारखी पानं, फांद्या विरळ. लोक म्हणतात स्लॉथला तेच झाड आवडतं. खरं म्हणजे तो इतरही झाडांवर असतो, पण ग्वारुमोची पानं विरळ म्हणून तिथे दिसतो. दोन जाती आहेत. तीन नखांचा दिवसाही हलतो आणि कायम हसतोय असा चेहरा. दोन नखांचा निशाचर, डुकरासारखं नाक. आठवड्यातून साधारण एकदाच शी करायला झाडावरून खाली उतरतो. लेकीला हे नक्की सांगा, त्या वयाला हेच लक्षात राहतं.

मान्युएल आन्तोनिओचं उद्यान मंगळवारी बंद असतं. तिकीट फक्त ऑनलाइन, प्रवेशाची वेळ ठरलेली, आणि नाताळात आठवडा-आठवडा आधी संपतं. दारावर कोणी तिकीट विकत असेल तर ते तिकीट नव्हे. फाटकाच्या अलीकडे किलोमीटरभर गणवेशासारखे शर्ट घातलेली माणसं रस्त्यात येऊन गाडी थांबवतात, पुढे पार्किंग नाही म्हणतात. थांबू नका. हळू चालवत पुढे जात राहा.

काटकसर

गाईड घ्यायलाच हवा का? वाट तर एकच आहे म्हणे, लाकडी फळ्यांची. पाच जणांचे शंभर-सव्वाशे डॉलर जातील. दुसऱ्याच्या गाईडने थांबून वर बघितलं की आपणही बघायचं. आम्ही तेच केलं.

कासवकाका

काटकसर, तुम्ही वर बघितलं, दिसलं काय?

काटकसर

पानं.

कासवकाका

गाईडकडे तिपाईवरची दुर्बीण असते, खरी किंमत तिची. वीस मीटर वरचं तपकिरी गाठोडं म्हणजे स्लॉथ आणि त्याच्या पोटावर पिल्लू, हे नुसत्या डोळ्याला नाही कळत. दोन तास घ्या, मग त्याला सोडून दिवसभर आतल्या किनाऱ्यावर बसा. आणि त्या किनाऱ्यावर मान्सानिय्यो नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. चीक अंगाला लागला तर फोड येतात. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहू नका. बहुतेक ठिकाणी पाटी असते.

चिखल्या

समुद्राचं कोणीच बोललं नाही. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आत ओढणारे प्रवाह असतात आणि पुष्कळ किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे झटू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग या. लेकीला आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला सांगा.

मुक्कामपोस्ट

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. भूस्तर, बाबांना लाव्ह्याचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, झोपलेला तर झोपलेला, आपण कुठे त्याला उठवायला चाललोय.

सुधारित: अलाहुएला १ रात्र, ला फोर्तुना ३ (त्यातच एक दिवस रिओ सेलेस्ते, ती निळ्या पाण्याची नदी), मॉन्तेव्हेर्दे २, मान्युएल आन्तोनिओ ३ (एक दिवस उविता), सान हेरार्दो दे दोता १, आणि परतीच्या दिवशी इरासू. पाच मुक्काम. तोर्तुगेरो, तामारिंदो, कोर्कोवादो, तिन्हीवर काट मारली. नवरा 'मी म्हटलं नव्हतं' असं अजून म्हणालेला नाही, पण म्हणेल.

भूस्तर

छान झालंय. रिओ सेलेस्तेच्या निळ्या पाण्यात उतरायला मनाई आहे, टॉवेल नेऊ नका. धबधब्याला अडीचशेच्या आसपास पायऱ्या उतरून जावं लागतं, बाबांना वर बसवा.

रंगाचं मात्र बाबांना सांगा. वर दोन ओढे आहेत, दोन्हींचं पाणी स्वच्छ, बिनरंगी. जिथे मिळतात तिथून पुढे एकदम आकाशी. वर्षानुवर्षं लोकांना वाटायचं तांबं किंवा गंधक असेल. २०१३ मध्ये तिथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी उलगडा केला. एका ओढ्यात अॅल्युमिनियम-सिलिकेटचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, दुसरा ओढा आम्लधर्मी. आम्लामुळे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि त्या आकाराचे कण सूर्यप्रकाशातला निळा जास्त पसरवतात. म्हणजे पाणी बाटलीत भरून घरी आणलं तर पांढरंच.

मुक्कामपोस्ट *(परत आल्यावर)*

आलो! सगळे धड आहेत. सविस्तर लिहिते, लांबेल.

पहिल्या दिवशी काउंटरवर एकोणिसावा मैल यांची आठवण काढली. लेखी रक्कम हातात होती, दहा मिनिटांत सुटलो. शेजारच्या रांगेतला माणूस तावातावाने क्रेडिट कार्ड हलवत होता. मी काही बोलले नाही, पण वाटलं त्याला या धाग्याची लिंक द्यावी.

पत्ते! घाटवळण, हे तुम्ही का नाही सांगितलंत? ला फोर्तुनाच्या घराचा पत्ता होता: चर्चपासून तीनशे मीटर पश्चिमेला, मग पन्नास उत्तरेला, हिरवं फाटक. शंभर मीटर म्हणजे खरे शंभर मीटर नसून एक चौक, हे कळेपर्यंत दोन हिरवी फाटकं ठोठावून झाली होती. बाबा म्हणाले, यात काय, आपल्याकडेही मारुतीच्या देवळामागेच राहतात सगळे.

आरेनाल तीन दिवसांत वीस मिनिटं दिसला. डिसेंबरात त्या बाजूला पाऊस असतोच म्हणे. दोन दिवस आम्ही पायथ्याच्या काळ्या लाव्ह्याच्या दगडांवर फिरलो, वर नुसता ढग. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हाऊलर माकडांनी उठवलं. (ही माकडं ओरडत नाहीत, डरकाळ्या फोडतात. आई 'वाघ, वाघ' करत उठून बसली.) बाहेर आलो तर समोर सगळा शंकू उघडा. बाबांनी फोटो काढला नाही. माझ्या हातातला फोनही खाली करायला लावला.

रिओ सेलेस्तेला आदल्या रात्रीच्या पावसाने रंग अर्धाच होता, राखाडी निळा. पण दोन ओढे मिळतात ती जागा बघून लेक चिडलीच. म्हणाली, इकडे पांढरं, इकडे पांढरं, मग निळं कोणी केलं? भूस्तरांचं उत्तर मी पाठ केलं होतं.

आणि घाटवळण, परत येताना तुमचा नियम मोडला. बिहाग्वा गावात जेवायला बसलो, आईला सोडाच्या मालकिणीने स्वयंपाकघरात नेऊन केळं कसं तळायचं ते दाखवलं, पाच वाजले कधी कळलं नाही. तलावाकाठच्या रस्त्यावर मिट्ट काळोख. एका एकपदरी पुलावर समोरून ट्रक. 'सेदा एल पासो' म्हणजे तुम्ही थांबा, हे माहीत होतं, पण पाटी दिसलीच नाही, खर्रकन मागे घेतली. पुढे वीस मिनिटांनी खड्डा, आणि टायर गेला. एक पिकअपवाला थांबला, हेडलाइटच्या उजेडात टायर बदलून दिला, पैसे घ्यायला तयार नाही. आईने बॅगेतली चिवड्याची पिशवी दिली ती घेतली. विम्यात टायर नव्हता, तो भरला. त्यानंतर साडेचारला गाडी बंद.

मॉन्तेव्हेर्दे बाबांना सगळ्यात आवडलं. धुक्यातलं जंगल तर आहेच, पण त्यांना गावाची गोष्ट आवडली. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून काही क्वेकर (युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबं इथे येऊन राहिली. सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून त्यांतले काही जण तुरुंगात जाऊन आले होते. आणि या देशाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं होतं. त्यांनी गुरं पाळली, चीज करायला लागले, आणि पाण्याचे झरे टिकावेत म्हणून वरच्या अंगाचं जंगल तोडलं नाही. आजचं अभयारण्य त्यातूनच वाढलं. त्याच जंगलातला सोनेरी बेडूक मात्र १९८९ नंतर कोणाला दिसलेला नाही.

खाली उतरताना तार्कोलेस नदीच्या पुलावर थांबलो. खाली गाळात मगरी, ओंडके पडावेत तशा. नवरा गाडीतच बसला, कारण तिथे उभ्या गाड्या फुटतात असं मालकिणीने सांगितलं होतं.

मान्युएल आन्तोनिओ. कासवकाका, गाईड घेतला आणि तुमचे पाय धरावेसे वाटले. दोन तासांत तीन स्लॉथ, एक पिल्लासकट. पण खरी गोष्ट पुढे आहे. फाटकावर पिशव्या तपासतात, खाण्याचं आत नेऊ देत नाहीत, हे वाचलं होतं, सगळ्यांना बजावलं होतं. किनाऱ्यावर बसलो आणि पाच मिनिटांत पांढऱ्या तोंडाचं माकड आलं, आईच्या पर्सची चेन सरकन उघडली, आतल्या चोरकप्प्यात हात घातला आणि राजगिऱ्याच्या वड्यांची पुडी घेऊन झाडावर. पाठोपाठ आणखी चार. रक्षक आला. आम्ही सगळे आईकडे बघतोय आणि आई समुद्राकडे. त्याने दंड केला नाही, पण अशा खाण्याने माकडं आजारी पडतात आणि मग माणसांवर चालून येतात, हे शांतपणे समजावलं. ते जास्त लागलं. आई संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

उवितात ओहोटीची वेळ बघून गेलो. वाळूचा दांडा समुद्रात देवमाशाच्या शेपटीसारखा उघडा पडतो, त्यावरून टोकापर्यंत चालत जाता येतं. देवमासा नाही दिसला.

घाटवळण

पत्त्यांचं खरंच विसरलो, चूक कबूल. सान होसेच्या एका भागात अजूनही 'जुन्या उंबरापासून' अमुक मीटर असे पत्ते सांगतात. तो वृक्ष कधीच पडला, पत्ता उभा आहे.

काटकसर

पेट्रोल किती गेलं? आणि स्वस्त पंप कुठला?

घाटवळण

काटकसर, तिथे तुमचं काही चालणार नाही. दर सरकार ठरवतं, देशभर सगळ्या पंपांवर एकच. वर त्या दरातल्या इंधनकराचा साडेतीन टक्के भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला द्यायला जातो, ही मोबदल्याची पद्धत १९९६ च्या वनकायद्यापासूनची. ऐंशीच्या दशकात तिथलं जंगल देशाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास उरलं होतं, आता निम्म्याहून जास्त आहे. ताईंच्या स्लॉथमध्ये ताईंच्या पेट्रोलचे चार पैसे आहेत असं समजा.

रात्रपाळी

इरासूचं राहिलं की.

मुक्कामपोस्ट

हो, शेवट राहिला. सान हेरार्दोला रात्री दोन ब्लँकेटं घेऊन झोपलो, कालपर्यंत घामाने भिजत होतो. पहाटे केत्साल पक्षी बघायला गेलो. मादी दिसली. लांब शेपूट नराला असतं. लेकीचा चेहरा पडला, आई म्हणाली, तिला बघायला तरी पहाटे उठून कोण येतं, आपण आलो.

मग सेर्रो दे ला मुएर्तेच्या घाटरस्त्याने कार्तागोवरून इरासू. नऊच्या सुमारास पोचलो, आकाश स्वच्छ. बाबांनी रात्री वाचून ठेवलं होतं: मार्च १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सान होसेला आले त्याच सुमारास हा उसळला आणि पुढे दोन वर्षं शहरावर राख पडत राहिली. विवराच्या कठड्याशी जेमतेम दोन मिनिटं थांबले. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. विवराच्या अलीकडे काळ्याभोर राखेचं सपाट मैदान आहे, पार लांबवर. दहा दिवसांत पायऱ्या नाहीत, चढ नाही, मुळं नाहीत अशी ती पहिली जागा. काठी माझ्याकडे देऊन चालायला लागले. तिथल्या पाटीवर मैदानाचं नाव होतं 'प्लाया एर्मोसा', म्हणजे सुंदर किनारा. आईने पाटी वाचून घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "समुद्र कुठंय?"

बाबा तोवर टोकाला पोचले होते. विमान गाठायचं म्हणून नवरा हॉर्न देत होता.

कासवकाका

लिसानोची बाटली आणली की नाही?

मुक्कामपोस्ट

तीन.